तसंच राहू द्या

१

घर चौथ्या मजल्यावर, पायऱ्या चौसष्ट, आणि लिफ्ट नाही. आजारपणाआधी तिनं या पायऱ्या कधी मोजल्या नव्हत्या. संध्याकाळी लेकीला शाळेतून आणायचं, खालच्या पायरीवर दोघींनी एक-दोन-तीन म्हणायचं आणि धूम ठोकायची. पहिली नेहमी आईच. लेक मागून वर पोचायची आणि कमरेवर हात ठेवून भांडायची, की तुझे पाय लांब आहेत, ही चीटिंग आहे. लेक नऊ वर्षांची. अखंड बडबड चालते म्हणून घरात तिला सगळे टिटवी म्हणत.

आता एकेक पायरी तिच्या ओळखीची झाली होती. सोळावीवर पहिला थांबा, बत्तिसावीवर दुसरा, अठ्ठेचाळिसावीवर तिसरा. प्रत्येक थांब्यावर कठड्याला धरून उभं राहायचं आणि छातीचा भाता खाली बसायची वाट बघायची. तो विषाणू अंगातून गेल्याला साडेतीन महिने होऊन गेले होते. रिपोर्ट स्वच्छ होते. कागदावर ती ठणठणीत बरी होती. कागदाला जिने चढावे लागत नाहीत, एवढाच काय तो फरक.

तिनं मनाशी एकच गोष्ट ठरवली होती. टिटवीचा हात धरून, एकदाही न थांबता, चौसष्ट पायऱ्या. ते जमलं की आपण परत आलो. तोवर आपण घरी आलोय खरं, पण परत आलेलो नाही, असं तिला वाटायचं. लेकही हल्ली शर्यतीचं नाव काढत नव्हती, आणि हे न बोलणं तिला फार लागायचं.

त्या दिवशी छापखान्यातून परतताना ती जिन्याशी पोचली तर तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी शिवणयंत्र थांबवलं. त्यांचं यंत्र खिडकीत, आणि खिडकी जिन्याच्या तोंडाशी. त्यांच्या नजरेतून मुंगी सुटायची नाही.

"अगं बाई! तुम्ही परत खाली कधी आलात?"

"परत म्हणजे?"

"आत्ताच तर वर गेलात. पंधरा मिनिटं झाली असतील नसतील. आणि काय भराभर! मी टाका अर्धा सोडून बघत राहिले. म्हटलं, चला, एकदाच्या बऱ्या झाल्या आमच्या बाई."

ती हसली. तिचा नवरा चष्म्याचं दुकान चालवायचा. शिंपीणबाईंना त्याच्याकडे पाठवायला हवं, असं तिच्या मनात आलं. मग ती आपली सोळा, बत्तीस, अठ्ठेचाळीस करत वर गेली.

टिटवी शाळेच्या गाडीतून येऊन गृहपाठाला बसली होती. तिच्या पाठीवर दोन वेण्या होत्या, घट्ट, एकसारख्या, टोकाला निळ्या फिती. आजारपणानंतर आईचे हात दोन मिनिटं वर धरले तरी भरून यायचे. तीन महिने टिटवी नुसतं रबर लावून शाळेत जात होती.

"वेण्या कुणी घातल्या गं?"

टिटवीनं वहीतून डोकं वर काढलं. "तू काय गं आई! घातल्यास आणि दूध आणायला गेलीस ना?"

तिनं आपल्या हाताकडे पाहिलं. हातात दुधाची पिशवी होती, थंडगार. दूध कुठून घेतलं, कधी घेतलं, पैसे दिले की नाही, काही म्हणजे काही आठवेना. असं हल्ली व्हायचं. म्हणजे आपणच वर आलो असणार, वेण्या घातल्या असणार, परत खाली गेलो असणार. दुसरं काय असणार? तिनं दूध तापायला ठेवलं आणि विषय सोडून दिला.

२

तिचं काम वाचायचं होतं. छापखान्यात औषधांच्या खोक्यात घडी करून घालायच्या माहितीपत्रिका छापल्या जायच्या. एक गोळी किती, केव्हा, कुणी घेऊ नये, असलं बारीक अक्षरातलं सगळं. तिथे एका आकड्याची चूक म्हणजे कुणाच्या तरी जिवाशी गाठ. म्हणून प्रूफ दोघांनी तपासायचं असा नियम. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, अक्षरन् अक्षर, विरामचिन्हांसकट. दुसऱ्यानं छापील प्रतीवर पेन्सिल फिरवत बघायचं आणि ओळ जुळली की म्हणायचं, "पुढे." ती वाचणारी. बघणारे म्हणजे नाना, निवृत्तीला आलेले, कानात केस, तोंडात सदैव लवंग. चौदा वर्षं दोघं एकाच टेबलाशी बसत होती.

दुरुस्तीच्या खुणा ठरलेल्या. शब्द नको असेल तर त्यावर आडवी रेघ आणि समासात एक शेपटीवाला फास. हा फास म्हणजे 'काढून टाका'. चुकून बरोबर शब्दच कापला गेला तर तो पुन्हा लिहायचा नाही. खाली ठिपक्यांची ओळ द्यायची आणि समासात लिहायचं, 'तसंच राहू द्या'. खूण कुठलीही असो, शेजारी दोघांच्या सह्या हव्यात. एका सहीची खूण अक्षरं जुळवणारा जुळारी बघतसुद्धा नसे.

या वाचनाची सवय तिच्या घरातही शिरली होती. टिटवीला गोष्ट वाचून दाखवताना ती स्वल्पविराम, उद्गारचिन्ह सगळं म्हणायची आणि टिटवी खिदळायची. घरात भांडण मिटवायचं असलं की नवरा म्हणायचा, "पूर्णविराम. नवा परिच्छेद."

आता मात्र वाचताना तिच्या नाकी नऊ यायचे. अर्ध्या ओळीत दम संपायचा. 'जेवणानंतर' हा शब्द समोर छापलेला असून तोंडात यायला वेळ लागायचा. नाना लवंग या गालातून त्या गालात घालत थांबायचे, घड्याळाकडे न बघता. पण बघणारं दुसरं कुणी होतंच. पर्यवेक्षकबाईंनी तिला बोलावून सांगितलं होतं, गोड आवाजात, की महिनाअखेर एकदा तुमचं वाचन ऐकू, मग ठरवू.

बुधवारी सकाळी नाना म्हणाले, "काल काय तब्येतीत वाचलंत हो! मी तर गारच झालो."

"काल?"

"दुपारी. ती रक्तदाबाची पत्रिका. सात पानं, एका दमात. मला 'पुढे' म्हणायला फट मिळेना." नाना थांबले. लवंग गालातच राहिली. "खरं सांगू? एका दमात असं आपण बोलायचं म्हणून बोलतो. पण तुम्ही मध्ये श्वास घेतलेला मला ऐकूच आला नाही. म्हातारा कान, दुसरं काय."

काल दुपारी एक ते चार ती वरच्या विश्रांतीच्या खोलीत बाकावर पडली होती. छताच्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं होतं, ते तिला आठवत होतं. बाकाच्या फळीचा वळ दंडावर उमटलेला, तोही आठवत होता.

तिनं सातही पानं काढून बघितली. प्रत्येक पानाखाली नानांची सही आणि शेजारी तिची. तिचीच. शेवटी उजवीकडे ओढलेली शेपूट तशीच, थोडी जास्तच ठाम.

३

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाल्या. त्या तरुण होत्या आणि थकलेल्या होत्या. त्यांच्याकडे असे पेशंट रोज येत असणार. "हा आजार गेल्यावरही काहींना महिनोन्‌महिने त्रास राहतो. दम लागणं, थकवा, विसरणं. डोक्यात धुकं भरल्यासारखं होतं, असं पुष्कळ जण सांगतात. तुम्ही कामं करता आणि नंतर ती आठवत नाहीत, एवढंच."

"पण जे करते ते इतकं चांगलं कसं करते?"

डॉक्टरांनी जरा हसून वर पाहिलं. "काही दिवस चांगले जातात, काही वाईट. चांगल्या दिवसाशी भांडण काढू नका." मग त्यांनी एक नळी तिच्या तोंडात देऊन फुंकायला लावलं, आकडा बघितला, आणि हसू आवरून काहीतरी लिहिलं. "एक वही करा. रोज जे जे होईल ते वेळेसकट लिहून ठेवा. म्हणजे तुम्हालाही धीर येईल आणि मलाही कळेल."

तिच्या जिवात जीव आला. एखाद्या गोष्टीला डॉक्टरांनी नाव दिलं की ती अर्धी बरी होते, निदान बाहेरच्या रस्त्यापर्यंत तरी. कोपऱ्यावरच्या दुकानातून तिनं दोनशे पानी वही घेतली. टिटवीनं रंगीत पेन्सिलीनं वेष्टनावर लिहून दिलं, 'आईची वही', आणि 'ई'च्या डोक्यावर एक फूल काढलं.

आठवडाभर तिनं इमानेइतबारे लिहिलं. सोमवार, सकाळी नऊ: जिन्यात तीनदा थांबले. सोमवार, दुपारी दोन: 'चमचा' हा शब्द आठवला नाही, 'ते ढवळायचं' म्हणाले. मंगळवार, संध्याकाळी सहा: टिटवी बोलत होती आणि मला काही समजत नव्हतं, नुसती मान हलवली. हे शेवटचं लिहिताना तिला रडू आलं. तिनं तेही लिहिलं.

शनिवारी दुपारी तिनं वही उघडली आणि ती तशीच उभी राहिली.

'जिन्यात तीनदा थांबले' यावर आडवी रेघ होती. समासात शेपटीवाला फास. 'शब्द आठवला नाही', रेघ आणि फास. 'मला काही समजत नव्हतं', रेघ आणि फास. पेन्सिल तिचीच, मऊ, छापखान्यातली. फास तिच्या हातचे. प्रत्येक फासाशेजारी दोन सह्या होत्या. एक तिची. दुसरी म्हणजे बोटाच्या पेराएवढा पक्षी, लांब पायांचा.

"टिटवे, हे काय आहे?"

"माझी सही!" टिटवी जवळ आली. "तूच म्हणालीस ना, दोन सह्या लागतात. तू म्हणालीस, हे सगळं आपण काढून टाकू. मग मी म्हटलं, हो, टाकू." तिनं आईच्या तोंडाकडे बघितलं आणि तिचा आवाज बारीक झाला. "तू बरी व्हावीस म्हणून केलं. चुकलं का?"

"नाही गं राणी," ती म्हणाली. तिला खरंच राग आला नाही. नऊ वर्षांच्या पोरीनं आईचा आजार पेन्सिलीनं कापून टाकला, यात रागवायचं काय? तिनं शांतपणे प्रत्येक कापलेल्या ओळीखाली ठिपके दिले, समासात 'तसंच राहू द्या' लिहिलं आणि शेजारी आपली सही केली. तिची एकटीची. टिटवीकडे मागायचा तिला धीर झाला नाही.

४

रविवारी नवरा घरी होता. गेल्या महिन्यात तो बदलला होता. बदलला म्हणजे खुलला होता. स्वयंपाक करता करता शीळ घालत होता.

"परवा संध्याकाळी किती दिवसांनी हसलो आपण," तो म्हणाला.

परवा संध्याकाळी ती सातलाच झोपली होती. तिनं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तो हळूच म्हणाला असता, 'आज वाईट दिवस दिसतो', आणि त्याच्या तोंडावर जी निराशा आली असती ती तिला बघवली नसती.

टिटवी मागच्या खोलीच्या बंद दाराला टेकून भूगोल वाचत होती. मोठ्यानं, विरामचिन्हांसकट. मागची खोली म्हणजे आजारपणात ती जिथे वेगळी राहिली होती ती. "हवा नेहमी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहते पूर्णविराम."

"तिथे का बसतेस गं?"

"सवय लागली," टिटवी म्हणाली. "तू आत होतीस तेव्हापासून. मी रोज संध्याकाळी वाचायचे आणि तू आतून 'पुढे' म्हणायचीस."

हे खरं होतं. हॉस्पिटलात न्यायच्या आधी चार दिवस ती त्या खोलीत होती. तापानं फणफणलेली असतानाही दाराबाहेर लेकीचा आवाज यायचा आणि ती सगळा जीव गोळा करून 'पुढे' म्हणायची. त्या चार संध्याकाळींनी तिला धरून ठेवलं होतं.

"चार दिवस वाचलंस माझ्यासाठी," ती म्हणाली.

"चार काय? पंधरा! पूर्ण भूगोल संपवला. आधी तू अगदी हळू 'पुढे' म्हणायचीस. मग मोठ्यानं म्हणायला लागलीस. शेवटी शेवटी तर मी दमले की तूच आतून वाचायचीस. पुस्तक माझ्याकडे असून! मला कळेचना, हिचं पाठ कसं झालं."

स्वयंपाकघरातली शीळ थांबली.

पाचव्या दिवशी पहाटे, टिटवी झोपेत असताना, तिला हॉस्पिटलात नेलं होतं. तिथे ती अकरा दिवस होती, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा. ती दाराकडे बघत राहिली. मग नवऱ्याकडे. तो उलथनं हातात धरून चौकटीत उभा होता आणि त्याचा चेहरा उतरला होता.

"मी तिला सांगितलं नव्हतं," तो हळूच म्हणाला. "घाबरली असती. आई आत झोपली आहे, दार उघडायचं नाही, एवढंच म्हटलं होतं. मी संध्याकाळी हॉस्पिटलच्या फाटकाशी असायचो. शिंपीणबाई येऊन बसायच्या हिच्याजवळ." मग त्यानं जोरात मान हलवली. "मुलांच्या मनाचे खेळ असतात गं. पूर्णविराम."

ती उठली आणि तिनं दार उघडलं. आत पलंग, खिडकी, औषधांच्या रिकाम्या बाटल्यांचं खोकं. खोलीत कुणी नव्हतं. चादर मात्र नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी एका बाजूला लोटलेली होती. पण तीही आपणच लोटली असणार. हल्ली सुट्टीच्या दुपारी ती तिथेच पडायची.

५

महिनाअखेर शुक्रवारी आली. पर्यवेक्षकबाई खुर्ची ओढून टेबलाशी बसल्या. लहान मुलांच्या औषधाची पत्रिका होती. नानांनी पेन्सिल उचलली.

ती डोळ्यांत तेल घालून वाचत होती. पहिलं पान बरं गेलं. दुसऱ्या पानावर दम लागला, तिनं कठड्यासारखी टेबलाची कड धरली आणि वाचलं, "दिवसातून दोनदा स्वल्पविराम पाच मिलिलिटर पूर्णविराम."

नानांनी 'पुढे' म्हटलं नाही.

तिनं मान खाली करून पुन्हा पाहिलं. मूळ प्रतीत होतं, शून्य दशांश पाच. शून्य होतं, टिंब होतं, सगळं ढळढळीत होतं. तिनं ते बघितलं होतं आणि तोंडाला ते सापडलं नव्हतं. दहापट औषध. बाळाला.

कुणी ओरडलं नाही. ओरडलं असतं तर बरं झालं असतं. पर्यवेक्षकबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "तुम्ही घरी जा. पूर्ण विश्रांती घ्या." मग वातावरण हलकं करावं म्हणून म्हणाल्या, "आणि परत याल तेव्हा त्या मंगळवारच्या बाईंना पाठवा बरं का. त्यांचं काम फार सुरेख होतं."

नाना दारापर्यंत सोडायला आले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं.

"मी परवाही तिच्याबरोबर वाचलं," ते म्हणाले. 'तुमच्याबरोबर' नाही म्हणाले. म्हणाल्यावर तेच दचकले. "माझं ऐका, तुम्ही या. पान पान थांबून वाचा, मी बसेन. मला तुमचं धापा टाकणं चालतं. निदान माणूस शेजारी आहे हे कळतं."

बसथांब्यावर बसून तिनं पिशवीतून वही काढली. आजचं लिहायचं होतं, सगळ्यात आधी तेच. वेष्टनावर नजर गेली आणि हात थांबला.

'आईची वही.' त्यातल्या 'आईची' या शब्दावर आडवी रेघ होती, फुलाच्या अगदी खालून गेलेली. बाजूला शेपटीवाला फास. फासाशेजारी ठाम शेपटीची सही. तिच्याशेजारी पक्षी.

६

साडेपाचला ती जिन्याशी पोचली. शिंपीणबाईंनी मान वर करून बघितलं. त्यांनी नुसतं जिन्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि यंत्राचं चाक हातानं थांबवलं.

सोळा. ती कठड्याला धरून उभी राहिली. वरून कुठून तरी वाचण्याचा आवाज येत होता.

बत्तीस. आवाज तिच्या घरातून येत होता. आवाज तिचा होता. आजाराआधीचा, खणखणीत. "समुद्रावरून येणारे वारे स्वल्पविराम दमट असतात पूर्णविराम डोंगर आडवा आला की ते वर चढतात स्वल्पविराम आणि चढताना थंड होतात पूर्णविराम." मध्ये टिटवीचं खिदळणं. 'पुढे!' आणि आवाज पुढे जात होता, ओळीमागून ओळ, कुठेही न अडखळता.

हाक मारावी म्हणून तिनं तोंड उघडलं. छातीत हाकेपुरताही वारा नव्हता.

अठ्ठेचाळीस. तिथे ती थांबली नाही, थांबायचं नाही असं तिनं ठरवलं, आणि तीन पायऱ्या चढून गुडघ्यांवर बसली. ती स्वतःला समजावत होती. मोबाइलवरचं जुनं रेकॉर्डिंग असेल. टिटवीला जुना आवाज ऐकायचा असेल, आणि त्यात तिचं काय चुकलं? उरलेल्या पायऱ्या ती हात टेकत चढली.

दाराबाहेर चपलांचे दोन जोड होते. टिटवीच्या शाळेच्या चपला. आणि तपकिरी सँडल, डाव्याचा पट्टा तुटलेला, निळ्या दोऱ्यानं शिवलेला. तो पट्टा तिनं स्वतः शिवला होता, मागच्या वर्षी. तिनं आपल्या पायांकडे पाहिलं. डाव्या पायात निळा दोरा होता.

तिनं कुलपात किल्ली फिरवली. दार चार बोटं उघडलं आणि आतल्या साखळीला अडकलं.

त्या फटीतून समोरच्या भिंतीवरचा आरसा दिसत होता, आणि आरशात मागच्या खोलीचं दार, आज सताड उघडं. पलंगावर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. तिचा फिकट हिरवा सदरा. पाठीवर तिची वेणी. मांडीवर डोकं ठेवून टिटवी आडवी पडली होती, डोळे मिटून, तोंडावर असं सुख की आईला ते बघून आधी बरंच वाटलं. खरंच वाटलं. मग तिचं लक्ष त्या खांद्यांकडे गेलं. वाचन चालू होतं, ओळीवर ओळ, पानावर पान. खांदे हलत नव्हते. पाठ हलत नव्हती. एकदाही.

तिनं दारावर थाप मारली. तळहातानं, लहान मुलासारखी.

वाचन थांबलं. आरशातली मान वळली नाही. दार हलकेच तिच्या अंगावर आलं आणि बंद झालं. आतून कुणी चालत आल्याचा आवाज आला नव्हता. खिटी मात्र पडली.

"कोण आहे गं आई?" टिटवीनं विचारलं.

उत्तर तिला ऐकू आलं नाही. तिच्या कानांत तिचीच धाप भरली होती. आता काय करावं? खाली जाऊन शिंपीणबाईंना बोलवावं तर परत वर यायला पाऊण तास. नवऱ्याला फोन करावा तर तो विचारणार, तू घरी आहेस ना? आणि खरं तर त्याला चांगलेच दिवस हवे होते. हा विचार आल्याबरोबर तिला स्वतःचीच लाज वाटली, पण तो खोटा नव्हता.

मग तिला वही आठवली. चौदा वर्षांच्या हाताला जे येतं तेच तिनं केलं. पायरीवर बसून, मांडीवर वही धरून, कापलेल्या 'आईची'खाली तिनं ठिपके दिले. एक, दोन, तीन, चार. ठिपके सरळ आले. समासात जागा नव्हती, म्हणून वेष्टनाच्या कडेला लिहिलं, 'तसंच राहू द्या'. शेजारी सही केली. आणि सहीशेजारी दुसऱ्या सहीपुरती जागा मोकळी ठेवली.

लेकीला ही खूण माहीत होती. तिनंच शिकवली होती. वही आणि पेन्सिल तिनं दाराखालच्या फटीतून आत सरकवली आणि दाराला तोंड लावून, जेवढा होता तेवढा वारा एकत्र करून म्हणाली, "टिटवे. सही."

आतून लहान पावलं. वही उचलल्याचा आवाज. कुजबुज, एक आवाज विचारत होता, दुसरा सांगत होता. मग पेन्सिलीची खरखर, अगदी दारापाशी. तिनं ती खरखर ओळखली. गोल डोकं, चोच, मग दोन लांब पाय. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

वही फटीतून परत बाहेर आली. ठिपके, तिची सही, आणि शेजारी पक्षी, आजवरचा सगळ्यात सुबक, पंखांना पिसंसुद्धा काढलेली. पोरीनं मन लावून काढला होता. दोन सह्या झाल्या. खूण लागू झाली.

ती दार उघडायची वाट बघत राहिली. तिनं डोळे पुसले आणि पक्षी पुन्हा पाहिला, ठिपके पाहिले. मग कडेचे आपल्याच अक्षरातले तीन शब्द तिनं सवयीनं वाचले, मोठ्यानं, एकेक सुटा, वाचणारीनं वाचावेत तसे. तसंच. राहू. द्या.

त्या खुणेचा अर्थ छापखान्यात सगळ्यांना माहीत असतो. काही हलवायचं नाही, काही बदलायचं नाही. जे जिथे आहे ते तिथेच.

ती चौसष्टाव्या पायरीवर होती. दार बंद होतं. आत कुणीतरी पान उलटलं.

"पुढे," टिटवी म्हणाली.